खाऱ्या हवेतले रिव्हॉल्व्हर

मुंबईच्या बोलीत रिव्हॉल्व्हरला ‘घोडा’ म्हणतात. खरे तर घोडा हा त्याचा एक भाग. बोटाने ओढतो तो चाप, आणि मागून काडतुसावर आपटतो तो घोडा. पण शब्द असा चिकटला की अख्ख्या हत्यारालाच ते नाव पडले.

सिनेमात दिसते तसले मोठ्या बोअरचे शिकारी रिव्हॉल्व्हर आपल्याकडे फारसे सापडत नाही. अमेरिकेत १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची असते आणि .३२ च्या गोळीपेक्षा आठ-नऊपट जोराने आदळते. तिकडे तिने हरणे, रानडुकरे मारतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीची वाट अरुंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती बंदच झाली. सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयातही १९८० च्या दशकात थांबली. त्यामुळे परवानाधारकाच्या हाती बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ येते. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे असतात. त्यातला ‘के’ म्हणजे किर्की, आपल्या पुण्याजवळची खडकी!

आता सांभाळण्याचे. आमच्या भाईंदरच्या खारी गावात खाडी जवळ, मिठागरे जवळ. खिडकीचे गज बघता बघता तांबूस होतात, तिथे पोलादाच्या नळीची काय कथा? शेजारचे एक निवृत्त सुरक्षारक्षक आपले रिव्हॉल्व्हर महिनोन्‌महिने झाडत नाहीत, पण दर पंधरवड्याला पुसतात. चामड्याच्या पिशवीत ते कधीच ठेवत नाहीत, कारण चामडे ओल धरते.

गंमत अशी की मीठ बाहेरूनच येते असे नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर नळीत एक प्रकारचे मीठच उरे, आणि ते तेलात विरघळत नाही. म्हणून जुने शिपाई आधी नळीतून उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेलाचा हात फिरवत. हल्लीच्या काडतुसांत बहुधा तसे नसते. गजाला चिंधी गुंडाळून नळी आणि चक्रातली सहाही घरे पुसायची, शिशाचा थर काढायचा, तेलाचा नुसता पातळ हात द्यायचा. जास्तीचे तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ऐन वेळी बार उडत नाही. आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाही. शिसे पोटात जाते.

पण हे सगळे नंतर. आधी चक्र उघडून सहाही घरे डोळ्यांनी पाहायची, बोटाने चाचपायची आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायाला लागली. ते हातातून निसटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते. हत्यार घोड्यावर पडले की चापाला बोट न लागताही बार होऊ शकतो. म्हणून जाणकार घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. नव्या घडणीत मध्ये अडसर असतो, तरी त्याच्या भरवशावर राहणारा मला शहाणा वाटत नाही.

झाडतानाही एक गोष्ट ध्यानात असावी. चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाहेर पडतात. मोठ्या बोअरमध्ये तर तिथे आलेले बोट फाटते. दोन्ही हात मुठीवरच हवेत.

कायद्याचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणुकीत छाननी समिती सांगेल त्यांनी हत्यार जमा करायचे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेम धरायची हौस असेल त्याने रायफल क्लबात नाव घालावे. तिथे निदान गोळीच्या वाटेवर मातीची भिंत असते.