नेमबाजीच्या गेमसाठी माउस आणि पॅड

माउसच्या खोक्यावर २५,००० डीपीआय असा ठळक आकडा छापलेला असतो आणि मुलं तो बघूनच माउस घेतात. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की संगणकाला किती पावलं कळतात, ते माप. नेमबाजीच्या गेममधले अनेक व्यावसायिक खेळाडू ४०० ते १६०० एवढ्यावरच खेळतात.

हिशोब करून पाहा. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये सेन्सिटिव्हिटी १ ठेवली, तर माउसच्या एका पावलाला नजर ०.०२२ अंश वळते. म्हणजे पूर्ण गिरकीला सुमारे १६,३६४ पावलं. ८०० डीपीआयवर ती होतात साडेवीस इंच, म्हणजे ५२ सेंटिमीटर! मागून आलेल्या शत्रूकडे वळायलाच २६ सेंटिमीटर जागा हवी. ऑफिसातला वीतभर पॅड इथे कसा पुरणार? माझ्या मते आधी ४५ × ४० सेंटिमीटरच्या आसपासचा पॅड घ्यावा, मग माउसचा विचार करावा.

कापडी पॅडवर घर्षण जास्त, त्यामुळे नेमक्या जागी थांबणं सोपं जातं. काचेच्या पॅडवर माउस सुळकन घसरतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत मात्र कापडी पॅड जड चालतो, तो कोरडा ठेवा.

माउस साधारण ६० ते ८० ग्रॅमचा असावा. पोलिंग रेट १००० हर्ट्झ, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक नोंद, पुरेसा आहे. बाकी, दुकानात तो हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.