दम्याला ‘तीव्र’ कधी म्हणायचं?

मागे ऐकू येतंय ना? आधीच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.मुळे, त्यामुळे इथून कुणी औषध लिहून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. तरी या विषयावर बोलतोय याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मी स्वतः बावीस वर्षं दम्याचा रुग्ण आहे. दुसरं असं, की तीव्र दम्यावरच्या संशोधनात मोठी अडचण आली ती व्याख्येची, आणि व्याख्या हा आमचा धंदा आहे.

न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगतात. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आता ‘तीव्र दमा’ घ्या. आपण सहज म्हणतो, ज्याला फार धाप लागते त्याचा दमा तीव्र. पण संशोधक तसं म्हणत नाहीत. जास्त मात्रेचं श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड आणि त्याच्या जोडीला दीर्घकाळ काम करणारं, श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारं औषध, हे नीट, रोज घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा कमी केली की लगेच उसळतो, तो तीव्र. बघा, या व्याख्येत धाप कमी आणि औषध जास्त आहे. ज्यानं औषध घेतलंच नाही, त्याचा दमा तीव्र आहे की नाही हे ठरवताच येत नाही.

हा शब्दच्छल वाटेल, म्हणून आकडे सांगतो. नेदरलँड्समध्ये प्रौढ रुग्णांची पाहणी झाली. भरपूर औषधं लिहून दिलेली असूनही दमा आटोक्यात नाही, असे रुग्ण १०० पैकी १७ निघाले. त्यांची पंप घेण्याची पद्धत आणि औषधातली नियमितता तपासल्यावर खरा तीव्र दमा उरला फक्त ३.७ टक्के. आणि आपल्याकडे? २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आपली फुप्फुसं काही वेगळी नाहीत. निदान उशिरा होतं, आणि झालं तरी पंपाची भीती असते. ‘पंप लागला म्हणजे संपलं’, ‘त्याची सवय लागते’, ‘मुलीचं लग्न ठरायचंय, कुणाला कळू देऊ नका’. यातलं काय तुम्ही ऐकलं नाही?

मी तरी कुठला शहाणा होतो! पहिली सहा वर्षं माझ्या खिशात फक्त निळा पंप होता. ठाकुर्ली स्टेशनचा पूल चढलो की दोन फवारे, की गाडी पकडायला मोकळा. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं, चार-पाच मिनिटांत बरं वाटतं. पण आतली सूज तशीच राहते. सुजेवरचं औषध म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. त्यानं लगेच काही जाणवत नाही, म्हणून माणूस ते सोडतो आणि निळा ठेवतो. २०१९ मध्ये ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनं स्पष्ट सांगितलं, की मोठ्या माणसांचा दमा सौम्य असला तरी नुसत्या निळ्यावर चालवू नका. जवळजवळ पन्नास वर्षांची सवय मोडली ती!

‘स्टिरॉइड’ शब्दाला घाबरणाऱ्यांसाठी एवढंच. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. गोळी सगळ्या अंगातून फिरते. वर्षानुवर्षं घेतली तर हाडं, साखर, डोळे, सगळ्यांवर बेतते. आणि गंमत अशी, की पंपाला भिणारी मंडळीच मेडिकलच्या दुकानातून त्या गोळ्या बिनदिक्कत आणतात.

दुसरा पेच कार्यकारणाचा. दमा चढतो-उतरतो. ऋतू, धूळ, सर्दी, आपल्या डोंबिवली एमआयडीसीकडून येणारा वारा, यांनी तो उसळतो आणि पुष्कळदा आपला आपण बसतो. उपाय आपण कधी शोधतो? सगळ्यात वाईट दिवशी. पुढे बरं वाटायचंच असतं, आणि श्रेय मिळतं हैदराबादच्या मरळ माशाला किंवा कोजागरीच्या खिरीतल्या औषधाला. कावळा बसला आणि ताडफळ पडलं, हा काकतालीय न्याय. म्हणून औषध न दिलेला, पण बाकी सगळं सारखं असलेला दुसरा गट लागतो.

पण अशी तुलना करूनही फसायला होतं, आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. दम्याच्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात. त्यांना पोसणारं इंटरल्युकिन-५ रोखणारं इंजेक्शन तयार झालं, मेपोलिझुमॅब. २००० साली सौम्य दम्याच्या रुग्णांवर पाहिलं: पेशी घटल्या, दमा जागचा हलला नाही. २००७ मध्ये ३६२ रुग्णांवर पाहिलं, तरी ठोस फायदा नाही. औषध बाद व्हायचंच. मग २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या आणि कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या गटांनी प्रश्न बदलला. त्यांनी वारंवार उसळणारा दमा आणि थुंकीत इओसिनोफिल, असेच रुग्ण निवडले. लेस्टरमध्ये ते होते अवघे ६१. त्यांनी मोजले ते मोठे झटके, फुंकण्याच्या यंत्राचा आकडा नव्हे. वर्षभरात नुसतं सलाईन टोचलेल्या गटात माणशी सरासरी ३.४ झटके आले, औषधाच्या गटात २. फुंकण्याचा आकडा जवळपास तसाच राहिला! म्हणजे औषध तेच होतं, ‘दमा’ या एका नावाखाली अनेक आजार कोंबले होते. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच जातीची आणखीही इंजेक्शनं आता आहेत, आपल्याकडेही मिळतात. एकेकाला हजारो रुपये पडतात, म्हणून ती नेमकी कुणाला, हा प्रश्न इथे नुसता बौद्धिक राहत नाही.

त्याची पहिली पायरी मात्र स्वस्त आहे: रक्ताची साधी तपासणी, त्यात इओसिनोफिलची संख्या येते. दोन गोष्टी सांभाळायच्या. आपल्याकडे जंतांमुळेही ती वाढते, तेव्हा ते आधी पाहावं लागतं. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती खाली जाते, मग रिपोर्ट बघून कुणीही म्हणेल, हा त्या जातीचा दमा नव्हेच. गोळ्या आपल्या मनानं बंद मात्र करायच्या नाहीत. तपासणीच्या दिवशी कुठली गोळी, किती दिवसांपासून, हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, आणि सोबत पंपही न्या. तो त्यांच्यासमोर ओढून दाखवा. मी सहा वर्षांनी दाखवला तेव्हा कळलं, निम्मं औषध मी जिभेला पाजत होतो.