पडद्यावर शहीद, गावात हयात

विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळतात. दमली की माझ्यापाशी टेकतात. "आबा, 'बॉर्डर'मध्ये दाखवलंय तसंच झालं होतं का?" हा प्रश्न ठरलेला. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसानं याचं उत्तर नीटच द्यायला हवं.

आधी मी त्यांना बारकावे दाखवतो. उघड्या डोक्यानं कुणी सॅल्यूट ठोकला, की ती चूक. डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर आपण सावधान होतो, हात उचलत नाही. एकाहत्तरच्या लढाईत इन्सास दिसली तर तीही चूक, कारण ती नव्वदच्या दशकात आली. तेव्हा हातात एसएलआर असायची. तिच्या मॅगझिनमध्ये गोळ्या वीस. एकदा सिनेमा बघताना नातवाला मोजायला बसवलं, तर चाळीस झाल्या तरी हिरोनं मॅगझिन बदललं नव्हतं. 'केसरी'त सारागढीच्या शिखांना केशरी पगड्या दिल्या आहेत. १८९७ साली त्या खाकी होत्या. उघड्या डोंगरावर केशरी पगडी म्हणजे शत्रूला आयतं निशाण.

एवढं चालवून घेता येतं. 'बॉर्डर'मध्ये लोंगेवालाची लढाई दाखवलीय तशी मला चालत नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाबची कंपनी तिथं होती, सुमारे १२० जवान. समोर पाकिस्तानचे चाळीसच्या वर रणगाडे. सिनेमात प्रेतांचा खच पडतो. प्रत्यक्षात आपले दोन जवान गेले. आपली माणसं उंचवट्यावर, मोर्चात पक्की बसलेली. साधी काटेरी तार बघून पुढं सुरुंग पेरलेत असं शत्रूला वाटलं आणि तो थबकला. कित्येक रणगाडे वाळूत रुतले. आपल्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून कंपनीनं उजाडेपर्यंत ठाणं सोडलं नाही. उजाडताच जैसलमेरहून हंटर आली. माणसं जपून लढाई जिंकणं हीच खरी कमांडरी, आणि नेमकी तीच पडद्यावर दिसत नाही.

पोरांनो, सिनेमा जरूर बघा, पण बघून झाल्यावर त्यातल्या प्रत्येक नावाचं पुढं काय झालं ते शोधा. सुनील शेट्टीनं साकारलेले बीएसएफचे भैरोसिंग सिनेमात शहीद होतात. खरे भैरोसिंग राठोड त्या लढाईतून सुखरूप परतले, त्यांना सेना पदक मिळालं. १९९७ साली 'बॉर्डर' लागला तेव्हा ते हयात होते. ते गेले १९ डिसेंबर २०२२ ला, जोधपूरच्या रुग्णालयात, ८१ व्या वर्षी.