रात्रीचे पाणी आणि डोक्याची बॅटरी



उसाला रात्री पाणी द्यायला कुणी हौसेने जात नाही. विजेची पाळी रात्रीची आली की दारं धरायला जावेच लागते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून काही फीडरना दिवसा वीज मिळू लागली, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्यांच्या वाट्याला अजून रात्रीची पाळी येते, त्यांच्यासाठी आजचा हा लेख आहे.

शिवारात आम्ही नेहमी पाहतो. माणसाच्या हातात फावडे असते आणि बॅटरी बगलेत दाबलेली. बारे मोडायला वाकला की उजेड भलतीकडे जातो आणि नेमका पायाशी अंधार पडतो. उसात उंदीर, उंदरामागे साप. मण्यार तर रात्रीच फिरते, घोणसही बहुधा रात्रीच बाहेर पडते. म्हणून बॅटरी डोक्याला बांधावी, दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड पडतो.

पण घेताना सगळे जण फोकस किती लांब जातो तेवढेच बघतात, पट्टा कुणी बघत नाही. आमचेही तसेच झाले. दोन वर्षांमागे बाजारातून एक स्वस्तातली बॅटरी घेतली. एका रात्री खोडव्याच्या प्लॉटात वाकून सरी बघत होतो. घामाने पट्टा सुटला आणि बॅटरी नाकावरून घसरून पाटात पडली. चाचपायला हात घालणार, एवढ्यात कुकरच्या शिटीगत फुसकारा ऐकू आला. सोबतच्या सभासदांनी उजेड टाकला, तर पाटाच्या कडेला घोणस! तेव्हापासून आम्ही आधी पट्टा बघतो.

पट्टा कसा निवडावा?

१. पट्टा निदान २५ मि.मी. रुंद असावा. अरुंद पट्टा कपाळात रुततो, मग माणूस तो सैल करतो आणि सैल पट्टा घसरतो.

२. तीन बारीक सेलची हलकी बॅटरी एका आडव्या पट्ट्यावर राहते. मोठा सेल असेल तर टाळूवरून जाणारा दुसरा पट्टा हवाच. सेलचा डबा डोक्याच्या मागे असेल तर वजनाचा तोल राहतो.

३. उन्हाळ्यात उघडे डोके, थंडीत कानटोपी. दोन्हींवर पट्टा बसला पाहिजे आणि ओढल्यावर बकल आपोआप सरकता कामा नये.

४. बॅटरी खाली वाकवता यावी आणि वाकवली तिथेच थांबावी.

५. पट्टा सुटा करून धुता यावा. घामाने इलॅस्टिक लवकर ढिले पडते.

६. खोक्यावर 'आयपीएक्स-४' लिहिले असेल तर बॅटरी पाण्याचे शिंतोडे सोसते. पाटात पडूनही टिकायला हवी असेल तर 'आयपीएक्स-७' बघावी.

दुकानातच बॅटरी डोक्याला बांधा, खाली वाका आणि फावडे मारल्यासारखे दहा वेळा हला. जागची सरकली तर परत द्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

एवढे ध्यानात ठेवा

उजेड डोळ्याजवळून पडला की वस्तूची सावली तिच्या मागेच लपते, त्यामुळे पाचटावरचा साप चटकन ओळखू येत नाही. म्हणून बांधावरून चालताना हातातली बॅटरी कमरेच्या उंचीवर धरावी आणि बारे मोडताना डोक्याची लावावी. तोंडावर किडे येऊ लागले तर उजेड मंद करावा. गमबूट आणि काठी सुटता कामा नये. दोन्ही हात मोकळे झाले म्हणून ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका.

तरीही साप चावलाच, तर जखम कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, पण ते वेळेत मिळाले पाहिजे.

येत्या पाळीला निघण्याआधी घरातली बॅटरी काढून तिचा पट्टा एकदा ओढून बघा. ढिला झाला असेल तर नवा घाला. घरची माणसे आपली वाट बघत जागी असतात.

— ऊस विकास अधिकारी