एक सर्व्हर पुरेल की दोन हवेत?

सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतला किंवा मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो, सर्व्हर बंद पडला की बिलं, गेटपास, मालाच्या नोंदी सगळं अडतं. मग दुसरा सर्व्हर घ्यावा का? आधी ठरवा, काम किती वेळ थांबलं तर चालेल.

वर्षभरात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटं. एका पाळीत चालणाऱ्या लहान कारखान्याला बहुधा एक चांगला सर्व्हर, यूपीएस आणि रोजचा बॅकअप पुरतो. तो बॅकअप परत चढवून पाहिलेला मात्र हवा.

तिन्ही पाळ्या चालत असतील, तर सारख्याच नोंदी ठेवणारे दोन सर्व्हर घ्या. एक पडताच दुसरा काम उचलतो. पण दोघांमधला संपर्क तुटला, तर दोघेही स्वतःला मुख्य समजून वेगवेगळ्या नोंदी करू शकतात. म्हणून मुख्य कोण हे बहुमतानं ठरवायला तिसरं, साक्षीदार यंत्र लागतं. दोन्ही सर्व्हर एकाच वीजजोडणीवर किंवा एकाच नेटवर्क स्विचवर असतील, तर ती वीज किंवा तो स्विच गेला की ते एकदमच बंद पडतील. शिवाय चुकून पुसलेली नोंद दुसऱ्या सर्व्हरवरूनही लगेच पुसली जाते. त्यामुळे सर्व्हर कितीही असोत, स्वतंत्र बॅकअप हवाच.