शब्दखेळातील अट : क्षेत्र-संपादकाचा विस्तार

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• शब्दाधिष्ठित खेळातील क्षेत्र, घटना व अट या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• नवी अट घडविण्याचे टप्पे सांगता येतील.
• मराठी वाक्यरचनेमुळे संपादकात कराव्या लागणाऱ्या बदलांचे विवेचन करता येईल.

१. प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, चित्राविना केवळ शब्दांवर चालणारा संगणकीय खेळ म्हणजे अनेकांनी मिळून वाचलेली व घडविलेली कथाच होय. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ या बहुखेळाडू शब्दखेळाचा आरंभ केला. रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा ‘डिकूमड’ आला. त्यापासून निघालेल्या ‘मर्क’ या आवृत्तीत पात्रांना ‘मॉबप्रोग’ नावाच्या आदेशमालिका जोडता येऊ लागल्या.

२. क्षेत्र, घटना आणि अट
परस्परांशी जोडलेल्या स्थळांचा समूह म्हणजे ‘क्षेत्र’. क्षेत्र-संपादकाच्या साहाय्याने लेखक मूळ प्रणालीला हात न लावता स्थळवर्णने, वाटा, पात्रे आणि वस्तू रचतो. आदेशमालिकेचे तीन भाग असतात : घटना (खेळाडू आला, बोलला, त्याने वस्तू दिली), अट आणि कृती. तयार अटी मात्र मोजक्याच असतात. खेळाडूची पातळी, लिंग, योगायोगाची टक्केवारी अशा. लेखकाला याहून निराळे काही विचारायचे असेल, तर नवी अट घडवावी लागते.

३. नवी अट : एक उदाहरण
सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला पोहोचते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. या परिसरावर क्षेत्र रचताना घाटावरील नावाडी पाणी पाहून बोलला पाहिजे. त्यासाठी ‘पाणीपातळी’ ही अट तीन टप्प्यांत घडते :

(अ) अटीचे नाव आणि ती कोणत्या स्थळाविषयी विचारते, हे ठरविणे.
(आ) ते नाव ओळखून त्या स्थळाची पातळी परत देणारा भाग मूळ प्रणालीत लिहिणे व प्रणाली पुन्हा संकलित करणे.
(इ) संपादकाच्या मदतपानावर अटीची नोंद करणे.

दुसरा टप्पा वगळल्यास संपादक मजकूर साठवील. परंतु खेळ चालू असताना ते नाव ओळखले जाणार नाही.

आता आदेशमालिका पाहा :

जर पाणीपातळी(आयर्विन) >= ४५
  म्हण “धोका! आधी उंचावर जा.”
नाहीतर
  जर पाणीपातळी(आयर्विन) >= ४०
    म्हण “पाणी चढतंय, सामान आवरा.”
  संपले
संपले

येथे क्रमाला महत्त्व आहे. ४० ची अट आधी तपासली असती, तर ४७ फूट पाण्यातही नावाडी केवळ सामान आवरायला सांगत राहिला असता. कारण ४७ ही संख्या पहिलीच अट पूर्ण करते. अशी मालिका व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थदृष्ट्या घातक ठरते.

४. मराठीची विशेष गरज
इंग्रजी वाक्यात बहुधा सर्वनाम बदलले की काम भागते. म्हणून जुन्या संपादकांत सर्वनामासाठीच खुणा आहेत. मराठीत क्रियापदही बदलते : तो आला, ती आली, ते आले. शिवाय दोर तुटला, होडी बुडाली, पाणी ओसरले. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना एकच सर्वनाम पुरते, म्हणून जुन्या क्षेत्र-धारिकांत वस्तूच्या लिंगाची नोंदच नसते. मराठी क्षेत्रासाठी ती जोडावी लागेल आणि क्रियापदाची तिन्ही रूपे देणारी खूण घडवावी लागेल. आदरार्थी बहुवचनासाठी (‘आजोबा आले’) आणखी एक अट लागेल. येथे व्याकरणाचा अभ्यासक आणि प्रणालीचा रचनाकार यांचे काम एक होते.

सारांश
अट म्हणजे कथेने परिस्थितीला विचारलेला प्रश्न. तिचे नाव, तिला उत्तर देणारी यंत्रणा आणि तिचा क्रम ही तिन्ही अंगे सांभाळली, तरच लेखकाचा अभिप्रेत अर्थ खेळाडूपर्यंत पोहोचतो.

आपली प्रगती तपासा
१. वरील उदाहरणात ४५ ची अट आधी का घेतली आहे?
२. ‘छत्री’, ‘कंदील’ आणि ‘वल्हे’ या वस्तूंसाठी ‘वाहून जाणे’ या क्रियापदाची भूतकाळी रूपे लिहा.
३. आपल्या गावावरील क्षेत्रासाठी एक नवी अट सुचवा व तिचे तीन टप्पे लिहा.