यवतचं पिठलं आणि सेल्डनचं गणित

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामी येते, त्या दिवशी गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतं. लहानपणी दौंडच्या रेल्वे कॉलनीतून आम्ही आईबरोबर तिकडे जायचो. बेसन किती भिजवायचं, भाकऱ्या किती थापायच्या, हे ठरवणाऱ्या बायकांना त्या रात्री पानावर कोण बसणार हे ठाऊक नसायचं. किती बसणार, हे मात्र त्यांना बरोबर कळायचं.

पुढे पुण्याला कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकात आयझॅक असिमॉव्हचं ‘फाउंडेशन’ जुन्या पुस्तकांत मिळालं. दौंडच्या पॅसेंजरमध्ये उघडलं आणि यवतच्या त्या बायकाच आठवल्या. हॅरी सेल्डन हा गणितज्ञ म्हणतो, एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही. पण आकाशगंगेभर पसरलेल्या अब्जावधी माणसांचं सांगता येतं. वायूचा एकेक रेणू कुठे जाईल कळत नाही, तरी वायूचा दाब काढता येतो, तसंच हे. या शास्त्राचं नाव सायकोहिस्टरी. त्याच्या आधारे सेल्डन सांगतो की बारा हजार वर्षांचं साम्राज्य कोसळणार आहे. पडझड थांबवणं आता अशक्य, पण पुढची तीस हजार वर्षांची काळोखी रात्र एक हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी आकाशगंगेच्या एका टोकाला, टर्मिनस नावाच्या ग्रहावर, तो ज्ञानकोशकारांची वसाहत वसवतो.

असिमॉव्हला हे सुचलं १ ऑगस्ट १९४१ रोजी, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्याच्या डोक्यात घोळत होता. मे १९४२ मध्ये पहिली कथा मासिकात आली. १९५१, ५२ आणि ५३ साली तीन पुस्तकं झाली. पुढचे भाग त्याने तीस वर्षांनी लिहिले. माझा जीव मात्र या पहिल्या तिघांतच गुंतला.

या पुस्तकांची मोठी गंमत अशी की त्यांत कुणीच टिकत नाही. पान उलटलं की पन्नास वर्षं सरलेली असतात. ज्या माणसाच्या बाजूने आपण उभे राहिलो तो मेलेला असतो, आणि पुढच्या कथेत त्याचं नाव कुणीतरी शपथ घेताना उच्चारतं. पहिल्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच, लढाया पडद्याआड होतात, माणसं खोलीत बसून बोलत राहतात. हे दोष मला तेव्हाही दिसत होते. पण काळ हाच नायक असलेली गोष्ट मी त्याआधी वाचलेली नव्हती.

नोकरीसाठी शिरूरला आलो आणि तोच नायक मला घोड नदीच्या काठी भेटला. तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं तिथे राबली. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. चौकोनी घरं, धान्याचं कोठार, पाण्याचा पाट, शेतात जव. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, तशी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, माणसं गुरं-मेंढरांच्या मागे फिरू लागली आणि शेवटी गाव उठलं. तिथल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. चार पायांच्या रांजणात मांडी घालून पुरलेला तो प्रतिष्ठित माणूससुद्धा निनावीच. तिथल्या शेताच्या बांधावर उभं राहिलो की सेल्डन मला पुस्तकातल्यापेक्षा खरा वाटायचा.

२४ सप्टेंबर २०२१ ला ‘फाउंडेशन’ ॲपल टीव्हीवर आलं. मुलीने लावून दिलं आणि पहिले दोन-तीन भाग मी तिच्यावर उगाच चिडत होतो. गाल डॉर्निक हा पुस्तकातला तरुण इथे तरुणी झाला होता. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. असिमॉव्हची मोठी उणीव त्याने भरून निघाली. खटकलं ते वेगळंच. साल्व्हर हार्डिन हा पुस्तकात टर्मिनसचा महापौर, मुरलेला राजकारणी. बंदूक न उचलता शेजारच्या राज्यांना एकमेकांच्या धाकात ठेवणारा. मालिकेत साल्व्हर ही जन्मतःच वेगळी मुलगी आहे. जिथे इतरांना भोवळ येते तिथे ती एकटीच जाऊ शकते. गालला पुढचं आधी जाणवतं. म्हणजे ज्या गोष्टीचा पायाच ‘एकट्या माणसावर काही अवलंबून नाही’ हा, तिथे सगळं या खास जन्मलेल्या माणसांवर येऊन ठेपलं.

पण त्याच मालिकेने एक गोष्ट अशी केली की मी नमस्कार केला. पडद्याला चेहरा लागतो, आणि ही कथा तर चेहरे पुसत जाते. यावर मालिकाकार डेव्हिड गोयर आणि त्याच्या लेखकांनी उपाय शोधला तो सम्राट क्लिऑनच्या प्रतिकृतींचा. एकाच माणसाच्या तीन वयांतल्या तीन प्रती एकाच वेळी गादीवर: पहाट, दिवस आणि सांज. एक विझला की खालून नवा. शतकं जातात, चेहरा तोच राहतो. असिमॉव्हमध्ये हे नाही, पण आपण बदलणारच नाही असं ठरवलेली सत्ता आतून कशी किडते, हे त्याच्याच मनातलं आहे. ली पेसने तो ‘दिवस’ दर वेळी वेगळा उभा केला, आणि त्यांची शतकानुशतकं राखण करणारी डेमरझेल लॉरा बिर्नने. मूळ पुस्तकाशी फारकत घेऊनही त्याच्याशी इमान राखलेलं मला इथे दिसलं.

सेल्डनच्या बाबतीत मात्र मालिकेने हातचं घालवलं. पुस्तकात तो मेलेला आहे. ठरावीक वर्षांनी बंद दालनात त्याची आधी नोंदवलेली प्रतिमा प्रकटते, संकटाचं निदान सांगते आणि विझते. तिला ऐकू येत नाही, विचारता येत नाही. म्यूल हा मनं वळवणारा विजेता दाराशी आलेला असतो, सगळे जीव मुठीत धरून दालनात जमतात, प्रतिमा बोलू लागते, आणि ती भलत्याच संकटाबद्दल बोलते. म्यूल तिच्या गणितात नाहीच. ते पान मी दौंड स्टेशनच्या बाकावर वाचलं होतं. पॅसेंजर रिकामी होऊन यार्डात गेली तरी उठलो नव्हतो. मालिकेतला सेल्डन गणकयंत्रात जिवंत आहे, बोलतो, चिडतो, भांडतो. जॅरेड हॅरिस नट म्हणून थोरच. पण जिवंत सेल्डन चुकला तर तो सुधारून घेऊ शकतो. मेलेल्या सेल्डनच्या चुकीने काळजात जो खड्डा पडतो, तो इथे पडत नाही.

मला इथे नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवते. त्यात विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि सगळा इतिहासच दुसऱ्या वाटेने जातो. एका गोळीवर सगळं! हे सेल्डनच्या अगदी उलट टोक. मालिका असिमॉव्हचं नाव घेऊन नारळीकरांच्या टोकाकडे सरकत गेली, असं मला तिन्ही सीझन बघताना वाटलं. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. तिसरा सीझन जुलैत आला, तेव्हा हे कुणाशी बोलावं हेच कळेना.

तिसऱ्या सीझनमध्ये म्यूल आला. शेवटच्या भागात कळतं की खरा म्यूल तो नव्हेच, बेटा नावाची तरुणी आहे. मुलगी उडाली, मला रडू यायचं बाकी राहिलं. पुस्तकातली बेटा ही साधी, नुकतं लग्न झालेली बाई. विदूषकाच्या वेशात लपलेल्या म्यूलशी ती सहज मायेने वागते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपण होऊन माया केली, म्हणून तो तिच्या मनाला हात लावत नाही, आणि तिथेच हरतो. असिमॉव्हलाही एकटा माणूस इतिहास वळवताना दिसला होता, फक्त त्याची बेटा खास जन्मलेली नव्हती. बेटालाच म्यूल केल्यावर ती बाई उरलीच नाही.

चौथ्या सीझनची घोषणा झाली आहे. मी बघणार आहे, एका दृश्याच्या आशेने. पुस्तकात साम्राज्याची राजधानी ट्रँटॉर लुटली जाते. जवळजवळ सबंध ग्रह धातूने मढवलेला, चाळीस अब्ज माणसांचा. उरलेली माणसं तो पत्रा उचकटून विकतात, त्यातून बियाणं आणि गुरं घेतात, आणि कित्येक शतकांनी उघड्या पडलेल्या मातीत पेरणी करतात. इनामगावच्या माणसांनी नांगर ठेवून मेंढरं घेतली. ट्रँटॉरच्या माणसांनी राजधानीचा पत्रा देऊन बियाणं घेतलं. त्या शेतकऱ्यांना पुस्तकात फारशी जागा नाही. कॅमेऱ्याने त्यांच्या हातांकडे थोडा वेळ बघावं.